इंजिन फिरत नाही म्हणून लेथ बदलावे का?

नमस्कार. आपला प्रश्न मी सावकाश, दोन वेळा वाचला. आपण कोल्हापुरातच राहता, नोकरी सांभाळून रविवारी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत काम करता आणि भंगारातून घेतलेल्या जुन्या टेबल-लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापण्याच्या लहान यंत्रावर) आपण पहिलेच गरम हवेचे इंजिन, म्हणजे स्टर्लिंग इंजिन, घडवले आहे. त्याच्या पिस्टनचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्ट्रोकही, म्हणजे त्याची चालही, तेवढीच आहे; पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर पितळेचा आहे. डिस्प्लेसरची, म्हणजे आतली हवा गरम आणि थंड टोकांमध्ये हलवणाऱ्या सैल भागाची, नळी बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची, पितळी, आणि तिचे बूड साध्या सोल्डरने जोडलेले आहे. फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारे जड चाक, ८० मिलिमीटरचे असून ६०८ नंबरच्या दोन बेअरिंगांवर बसवले आहे. खाली स्पिरिटचा दिवा लावून हाताने गती दिली की ते तीन-चार फेरे घेते आणि थांबते. ओळखीच्या एका टर्नरने लेथच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे काम फिरवणाऱ्या मुख्य दांड्यात, पाच शतांश मिलिमीटरचा खेळ (ढिलेपणा) असल्याचे दाखवून नवे मशीन घेण्याचा सल्ला दिला, आणि त्यासाठी सत्तर-ऐंशी हजारांची तजवीज करावी का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे आहे की आज एक रुपयाही मशीनवर खर्च करू नये. टर्नरने सांगितले ते खोटे नाही. स्पिंडलचा खेळ हा दोषच आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो. परंतु आपली खरी अडचण निराळी आहे. दिव्याने दिलेली उष्णता आणि फ्लायव्हीलला मिळालेली गती यांच्या मधल्या वाटेवर काम नेमके कोठे वाया जाते, हे आपल्याला ठाऊक नाही. ते न शोधता नवे लेथ आणले, तर त्यावर आपण हेच इंजिन अधिक गुळगुळीत करून बनवाल आणि तेही बहुधा थांबेल. गेली तीस वर्षे मी आधी उद्यमनगरात टूलरूममध्ये आणि नंतर घरच्या दहा बाय आठच्या खोलीत काम करीत आलो आहे. न फिरणारी अशी इंजिने माझ्याकडे अनेक जण घेऊन आले. त्यांतल्या बहुतेकांत मशीनचा दोष दुय्यम होता.

आपले इंजिन माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. दिवा केवढा आहे, वात कशी आहे, डिस्प्लेसरचे वजन किती आहे, बेअरिंगे रबरी झाकणाची आहेत की उघडी, यांवर उत्तराचे प्रमाण बदलेल. मापे मात्र बरोबर वाटतात. डिस्प्लेसर २१ मिलिमीटरचा आणि त्याची चाल २० मिलिमीटरची धरली, तर तो प्रत्येक फेऱ्यात सुमारे ७ घन सेंटिमीटर हवा इकडून तिकडे नेतो, आणि पिस्टन ३.२ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. हे दुपटीचे प्रमाण चालण्याजोगे आहे. रचनेत मूलभूत चूक नसल्याने इंजिन नव्याने काढण्याची गरज नाही.

आता या इंजिनाच्या हाती किती बळ असते ते पाहू, कारण माझी पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले; त्यातली हवा बंद असते आणि ती गरम व थंड अशा दोन टोकांमध्ये फिरवली की तिचा दाब चढतो-उतरतो. डिस्प्लेसर ही हवा फक्त हलवतो, तो दाब अडवत नाही. म्हणून तो नळीत सैल असावा लागतो. काम मिळते ते दुसऱ्या, घट्ट बसलेल्या पिस्टनकडून. आपल्या मापांच्या इंजिनात दाबाचा चढउतार ०.३ बार धरला, तर प्रत्येक फेऱ्याला साधारण ०.०७५ ज्यूल काम मिळेल. हा आकडा हाताला जाणवावा म्हणून असे समजा की १०० ग्रॅमचे वजन साडेसात सेंटिमीटर वर उचलण्यास जेवढे श्रम लागतात, तेवढेच श्रम आपले इंजिन एका पूर्ण फेऱ्यात करू शकते. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीतून बेअरिंगे, पिस्टन, डिस्प्लेसरचा दांडा आणि चार पिना यांचे घर्षण भागवायचे आहे आणि गळतीही सोसायची आहे. मोठ्या इंजिनाला घर्षणाचे ओझे जाणवत नाही. या लहानग्याला मात्र एक जास्त घट्ट पिनसुद्धा पुरती अडवून धरते.

यावरूनच पहिली चाचणी निघते आणि ती आपण याच रविवारी करावी असा माझा आग्रह आहे. ८० मिलिमीटरच्या फ्लायव्हीलचा परीघ सुमारे २५१ मिलिमीटर भरतो. ०.०७५ ज्यूल काम एवढ्या अंतरावर वाटले, तर परिघावर सुमारे ०.३ न्यूटन, म्हणजे ३० ग्रॅम वजनाइतकी ओढ येते. इंजिनाला घर्षणावर मात करण्यासाठी परिघावर ३० ग्रॅमपेक्षा जास्त ओढ लागत असेल, तर ते कधीच फिरणार नाही, मग खाली दिवा लावा नाहीतर भट्टी. गळती आणि उष्णतेची नासाडी यांत निम्मेअधिक काम जाते असे मानले, तर घर्षण १० ग्रॅमच्या आत आणणे हे आपले उद्दिष्ट असले पाहिजे.

चाचणीसाठी शिवणकामाचा दोरा फ्लायव्हीलच्या परिघाला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा, खालच्या टोकाला कागदाचा छोटा द्रोण बांधा आणि त्यात वाळू किंवा तांदळाचे दाणे थोडे थोडे घाला. मापण्यासाठी गुजरीत सराफ वापरतात तसला लहान काटा उत्तम. तो नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालेल. या चाचणीत हवेचा दाब मध्ये येऊ नये म्हणून दोन सिलिंडरांना जोडणारी वाट उघडी ठेवा. आधी पिस्टन आणि डिस्प्लेसर दोन्ही सोडवून फक्त फ्लायव्हील आणि त्याचा आस बसवा. बोटाने हलकासा धक्का दिल्यावर द्रोण एकसारख्या गतीने खाली उतरेल इतकेच वजन घाला आणि ते लिहून ठेवा. मग पिस्टन जोडा आणि पुन्हा वजन करा. शेवटी डिस्प्लेसर जोडा आणि तिसऱ्यांदा करा. प्रत्येक वेळी वाढलेले वजन हे त्या त्या भागाचे घर्षण असते. बहुतेक जण तिन्ही भाग एकत्र बसवून हाताने फिरवतात आणि इंजिन ‘जरा जड लागते’ एवढेच सांगतात. त्यावरून दोषी कोण हे कळत नाही. सुटे सुटे मोजले की एका तासात कळते.

अनुभवावरून सांगतो, की पहिल्याच मापात आपण चकित व्हाल. ६०८ नंबरच्या रबरी झाकणाच्या बेअरिंगमध्ये कारखान्याने घट्ट ग्रीस भरलेले असते आणि दोन्ही बाजूंना रबरी झाकणे घासत असतात. मोठ्या यंत्रात हे चांगलेच आहे, पण येथे ते ग्रीसच इंजिनाला धरून ठेवते. टाचणीने रबरी झाकण हलकेच उचकटून काढा, बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून फिरवत फिरवत धुवा, वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. नंतर बाहेरची कडी बोटांत धरून आतली कडी फिरवली तर ती बराच वेळ निवांत फिरत राहिली पाहिजे. अनेकांचे इंजिन एवढ्या एका कामाने थांबता थांबता चालू झालेले मी पाहिले आहे. ही दोन बेअरिंगे एका रेषेत नसतील तर धुऊनही उपयोग नाही. त्यासाठी दोन्ही खांबांची भोके खांब एकमेकांना जखडून एकाच वेळी पाडावीत.

दुसरी चाचणी गळतीची. ती समजण्यासाठी आपल्याकडच्या शेतातले जुने ऑइल इंजिन आठवा. हँडल मारणारा माणूस आधी डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून देणारी, कळ उचलून धरतो, जड फ्लायव्हीलला मोकळेपणी वेग देतो आणि मग कळ सोडतो. कळ उचललेली असताना फ्लायव्हील जड फिरले तर बेअरिंग पाहायचे, आणि कळ सोडल्यावर हाताला दाब लागलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा रिंग पाहायची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वरची दोऱ्याची चाचणी म्हणजे कळ उचललेली स्थिती होती. आता कळ सोडायची आहे.

पिस्टन आणि सिलिंडर सुटे करा, दोन्ही कोरडे आणि स्वच्छ पुसा, सिलिंडर उभा धरून त्याचे खालचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि वरून पिस्टन सोडा. पिस्टन हवेच्या गादीवर बसल्यासारखा वरच राहून अगदी सावकाश उतरला पाहिजे, आणि अंगठा काढताच स्वतःच्या वजनाने सरळ खाली पडला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या पाहिजेत. अंगठा लावूनही तो झपकन पडला तर गळती आहे. अंगठा काढूनही अडकला तर घर्षण आहे. ही परीक्षा कोणत्याही मायक्रोमीटरपेक्षा प्रामाणिक आहे, कारण इंजिनाला जे हवे तेच ती विचारते. पिस्टनचे झाल्यावर पूर्ण इंजिनाला साबणाचे पाणी लावा, पिस्टन टोकाशी धरून ठेवा, आत सिरिंजने थोडी हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर बुडबुडे येतात का ते पाहा. डिस्प्लेसरचा दांडा जेथून बाहेर येतो तेथील बुश (दांड्याला आधार देणारी बाही) विशेष पाहा. तो निदान दांड्याच्या व्यासाच्या चार-पाच पट लांब असावा. आखूड बुशमधून हवा सहज निसटते.

घर्षण आणि गळती या दोन्ही परीक्षांत पास झालेले इंजिनही थांबते, आणि आपल्या बाबतीत मला सर्वांत जास्त संशय त्या तिसऱ्या कारणाचा आहे. आपली डिस्प्लेसरची नळी पितळेची आहे. नळीचे एक टोक तापलेले आणि दुसरे थंड राहिले तरच दाब चढतो-उतरतो, आणि पितळ तर उष्णता झटकन पलीकडे पोहोचवते. दोन टोकांत ६० मिलिमीटर अंतर आणि २५० अंशांचा फरक धरून हिशेब केला, तर आपल्या १ मिलिमीटर जाडीच्या पितळी नळीच्या भिंतीतून सुमारे ३६ वॅट उष्णता थंड टोकाकडे वाहते. तेवढ्याच मापाची, पण अर्धा मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची नळी घेतली तर हा आकडा अडीच वॅटवर येतो. स्पिरिटच्या लहान दिव्याची बरीचशी उष्णता तशीही आजूबाजूच्या हवेत जाते. उरलेल्यातून ३६ वॅट भिंतीतूनच पळून जात असतील, तर तळ पुरेसा तापत नाही आणि थंड टोक मात्र तापत राहते.

हे मी स्वतः भोगले आहे. माझे पहिले इंजिन मी नोकरीच्या चौथ्या वर्षी बनवले. डिसेंबरमधल्या एका थंड सकाळी ते दोन मिनिटे फिरले आणि मला आकाश ठेंगणे झाले. मेमध्ये पाहुण्यांना दाखवायला काढले तर ते एक फेरा पूर्ण करीना. मी पिस्टन बदलला, फ्लायव्हील बदलले, चार महिने खर्ची घातले. अखेर एका संध्याकाळी थंड टोकावर सहज हात ठेवला आणि चटका बसला. थंड असायला हवी ती बाजूच तापली होती. इंजिन अगदी काठावर चालत होते, आणि डिसेंबर आणि मे यांच्यातल्या पंधरा-वीस अंशांनी ते काठावरून खाली ढकलले गेले होते. माझीही नळी पितळेचीच होती.

म्हणून आपण आज बिनखर्चाची एक परीक्षा करा. थंड टोकाला जुन्या धोतराची ओली चिंधी गुंडाळा, दिवा लावून पाच मिनिटे थांबा आणि मग गती द्या. तीन-चार फेऱ्यांऐवजी दहा-पंधरा फेरे मिळाले, तर चोर सापडला असे समजा. मग पितळी नळी काढून तिच्या जागी पातळ स्टेनलेसची नळी लावा आणि थंड बाजूला उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवा.

नळीच्या बुडाबद्दलही बोलले पाहिजे. साधे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि दिव्याच्या ज्योतीत नळीचा तळ त्याच्या पुढे जातो. पहिल्या दोन-तीन वेळा सांधा टिकल्यासारखा वाटतो, नंतर त्यात केसाएवढी फट पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. गरम बाजूला सोल्डर चालत नाही, चांदीचा डागच (चांदीमिश्रित झाळणच) लागतो. कोल्हापुरात राहून याची चिंता करण्याचे कारण नाही. सराफी काम करणारा कोणताही कारागीर डाग देण्यात तरबेज असतो. मात्र त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. स्टेनलेसवर नुसता टाकणखार पुरत नाही, त्यासाठीचा वेगळा फ्लक्स (डाग धरायला मदत करणारे रसायन) लागतो. आणि डागाची पट्टी कॅडमियम नसलेली हवी, कारण त्याचा धूर विषारी असतो. याहून सोपा मार्ग म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टेनलेसच्या नळीला बूड आर्गन वेल्डिंगने लावून घेणे. काम दहा मिनिटांचे असते. प्रयोगशाळेतली उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळीही चालते आणि तिच्यात डिस्प्लेसर हलताना दिसतो, पण ती हाताळताना जपावे लागते.

डिस्प्लेसर आणि पिस्टन यांच्यातल्या कोनाचा प्रश्न थोडक्यात संपवतो. डिस्प्लेसर पिस्टनच्या पाव फेरा पुढे हवा. डिस्प्लेसर थंड टोकाशी पूर्ण पोहोचलेला असताना पिस्टन बाहेर जाता जाता मध्यावर असला पाहिजे. हे ज्या दिशेने फिरवताना जुळते तीच इंजिनाची दिशा, म्हणून गती देताना दोन्ही दिशांनी देऊन पाहावी. पाच-दहा अंशांच्या चुकीने इंजिन बंद पडत नाही.

आता पिस्टनकडे येतो. येथेच लेथचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. पितळेत ॲल्युमिनियम ही जोडी मी टाळतो. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा अधिक फुगते, आणि इंजिन चालू लागल्यावर पिस्टन तापतो तेव्हा बाहेरचा सिलिंडर त्याच्या बरोबरीने तापलेला असतोच असे नाही. १६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन ६० अंशांनी तापला तर तो दोन शतांश मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. आपल्याला पिस्टन आणि सिलिंडर यांत मोकळीक हवी ती जेमतेम एक-दीड शतांश, तेव्हा थंड असताना सुरेख बसणारा पिस्टन गरम होताच धरू लागतो.

माझी निवड बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आहे, पिस्टनही बिडाचा आणि सिलिंडरही. दोन्ही सारखेच फुगतात, त्यामुळे मोकळीक टिकून राहते. करड्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे पसरलेले असतात आणि तेच वंगणाचे काम करतात, म्हणून पिस्टन कोरडा चालतो. तेल घालू नका. तेलाचा पातळ थरसुद्धा या इंजिनाला चिकटपणाने मागे ओढतो, आणि वारंवार तापून कालांतराने राळेसारखा घट्ट होतो. लेथवर बीड कापताना पितळेसारखे चमकते सर्पिल निघत नाहीत. काळी, सुकी, भुगाभुगा पावडर पडते, बोटे पेन्सिल चोळल्यासारखी काळी होतात आणि कापलेला भाग मंद राखी दिसतो. ही काळी पावडर म्हणजेच आपले वंगण. काम झाल्यावर ती लेथच्या बेडवरून ताबडतोब पुसून काढा, कारण तेलात मिसळली की तीच लेथचे मार्ग घासू लागते.

बीड मिळवायला आपल्याइतकी सोय क्वचितच कोणाला असेल. या गावात फौंड्रीवाले पावलोपावली आहेत. ओतकाम झाल्यावर तोडून बाजूला टाकलेले रनर-रायझरचे तुकडे पुन्हा भट्टीत जातात. त्यांतला एखादा हातभर तुकडा नम्रपणे मागितला तर मिळतो. पण निवड काळजीपूर्वक करा. पातळ तुकडा साच्यात झटकन थंड झालेला असतो, त्याचे पांढरे बीड होते, आणि ते इतके कडक असते की टूलची धार त्यावर घसरते. म्हणून जाड भागातला तुकडा घ्या. पहिला काप पुरेसा खोल, कातडीच्या खालून घ्या, कारण वरच्या कातडीत चिकटलेली वाळू आणि कडकपणा टूलबिट एका फेऱ्यात खाऊन टाकतात.

सिलिंडरचे भोक १६ मिलिमीटरच्या रीमरने (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराने) साफ करा. साध्या एच-सात दर्जाच्या (मापातली ठरावीक सूट असलेल्या) रीमरने भोक १६.००० ते १६.०१८ मिलिमीटरच्या दरम्यान येते. नेमके किती आले याने बिघडत नाही, कारण पिस्टन आपण त्या भोकाच्या मापाचा करणार आहोत. भोक आतून एकसारखे करण्यासाठी फाक पाडलेली ॲल्युमिनियमची कांडी आणि ब्रासोसारखी बारीक पॉलिश वापरा. पिस्टन भोकापेक्षा एक-दोन शतांश मोठा ठेवून त्यावर पितळेची फाक पाडलेली कडी तशाच पॉलिशने फिरवा आणि दर काही फेऱ्यांनी धुऊन, पुसून बसतो का ते पाहा. एक चूक मात्र कटाक्षाने टाळा. व्हॉल्व्ह घासण्याची जाडी पेस्ट लावून पिस्टन थेट त्याच्याच सिलिंडरमध्ये घासू नका. तिचे कण धातूत रुतून बसतात आणि पुढे कायम घासत राहतात. घासणारी वस्तू नेहमी कामाच्या वस्तूपेक्षा मऊ असावी, म्हणजे कण तिच्यात रुततात, कामात नाही.

या सगळ्यात लेथकडून आपण काय मागतो ते आता स्पष्ट होईल. चकचा, म्हणजे काम धरणाऱ्या पकडीचा, थोडा आउट (केंद्रापासून सरकलेपणा) आपल्याला बाधत नाही, जर पिस्टनचा बाहेरचा भाग, त्याचे तोंड आणि पिनच्या खोबणीचे केंद्र एकाच पकडीत केले तर. तुकडा चकमध्ये लांबच धरा, सगळे काम त्याच पकडीत पुरे करा आणि शेवटी कापून वेगळा करा. एकदा काढून पुन्हा पकडला की अचूकता गेली. स्पिंडलच्या खेळाचे मात्र वेगळे आहे. त्याने काम गोल न होता किंचित लंबगोल होते. पण पाच शतांशाचा खेळ म्हणजे मशीन टाकाऊ झाले असे नाही. जुन्या टेबल-लेथच्या पुढच्या बुशला फाक आणि आवळण्याचा स्क्रू असतो, काहींना टेपर बेअरिंग आणि मागे नट असते. चकमध्ये जाड रॉड पकडा, त्यावर डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारे माप) टेकवा, लाकडी ठोकळ्याने रॉड वर उचलून डायल पाहा आणि थोडे थोडे आवळत जा. स्पिंडल हाताने सहज फिरते आहे तोवरच आवळा. दोन शतांशाच्या आत आले की पुरे. उरलेले काम घासण्याने सुधारते, आणि घासणे हे हातांचे आणि सबुरीचे काम आहे.

याच कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने चलचित्रणाचा कॅमेरा घडवला. तोही हातांनी मापे जुळवीत, भाग एकमेकांना बसवीतच. त्या गावातल्या माणसाने एका पिस्टनसाठी लेथ बदलावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

घाई असेल तर एक आडवाट आहे. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ५ किंवा १० मिलिलिटरची काचेची सिरिंज मिळते. तिचा दट्ट्या आणि नळी कारखान्यातच जोडीने घासलेली असतात, म्हणून दोघांची अदलाबदल करू नये. ती थंड बाजूला पिस्टनऐवजी जोडा. इंजिन फिरले तर दोष आपल्या पिस्टनमध्ये होता हे सिद्ध होते, नाही फिरले तर उष्णता आणि सांधे पाहायचे. स्वतःच्या पिस्टनऐवजी सिरिंज लावण्यात कमीपणा काहीच नाही. मी आजही नव्या इंजिनाची पहिली धाव सिरिंजवरच घेतो आणि नंतर बिडाचा पिस्टन करतो.

सुरक्षेच्या दोन गोष्टी. स्पिरिटची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, तेव्हा दिवा पेटलेला असताना त्यात स्पिरिट भरू नका आणि बाटली टेबलावर ठेवू नका. डिस्प्लेसरसाठी वापरलेल्या स्प्रेच्या डब्या कापू किंवा तापवू नका. त्यांत उरलेला वायू कधी भडकेल हे सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा: आधी बेअरिंग धुऊन दोऱ्याची तीन मापे, मग अंगठ्याची परीक्षा आणि साबणाचे पाणी, मग ओली चिंधी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तीन मापे ग्रॅममध्ये, पिस्टन अंगठ्यावर किती सेकंद टिकला, आणि चिंधीसह व चिंधीशिवाय किती फेरे मिळाले, एवढे लिहून पाठवा. तिसरे माप दुसऱ्यापेक्षा खूप वाढले असेल तर डिस्प्लेसरचा दांडा वाकडा आहे की बुश तिरपा, हे ओळखण्यासाठी दांडा सपाट काचेवर लोळवून त्याच्या खालून उजेडाची फट दिसते का तेही पाहून ठेवा.